रेकॉर्डरला कॅमेरा सापडत नाही तेव्हा

आई कर्वेनगरला एकटी राहते. मी वाघोलीला. मधे सगळं पुणं आणि त्याची वाहतूक. म्हणून तिच्या घराला चार कॅमेरे लावून घेतले: फाटक, पुढचं दार, मागचं अंगण आणि गच्चीचा जिना. रेकॉर्डर माळ्यावर, त्याचं चित्र हॉलमधल्या टीव्हीवर आणि माझ्या फोनवर. एका गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, दुपारी आली, आणि संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, फाटक दिसत नाहीये. बाकी तिन्ही आहेत, तेवढा एक चौकोन काळा."

बघायला आलेल्या सीसीटीव्हीवाल्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला. कॅमेरा गेला, एक गेला म्हणजे बाकीचेही जाणार, चारही बदलून टाका. प्रत्यक्षात कॅमेरा धडधाकट होता. वीज आल्यावर राउटरने त्याला वेगळा पत्ता दिला होता आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर त्याला हाका मारत होता. एवढंच. पण ते कळायला मला आठ दिवस लागले, कारण मी सगळं एकदम करून पाहिलं. वायर हलवली, पासवर्ड बदलला, रेकॉर्डर रीसेट केला, आणि शेवटी कशाने काय झालं हेच उमगेना. ते आठ दिवस आई रात्री फाटक वाजलं की दिवा लावून खिडकीशी उभी राहायची. ते मला अजून सलतं.

त्यानंतर माहेरी, सोसायटीत आणि ओळखीच्या घरांत हे काम बरेचदा केलं. त्यातून पक्की झालेली रीत इथे लिहिते आहे. रीत अशी की खालून वर जायचं: वीज, वायर, पत्ता, पासवर्ड, भाषा. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते वेळेसकट वहीत लिहायचं.

आधी रेकॉर्डर ओळखा

रेकॉर्डरची मागची बाजू बघा. तिथे पिळून बसवायच्या गोल धातूच्या सॉकेटची रांग असेल तर तो डीव्हीआर. त्याला जाड गोल केबलचे ॲनालॉग कॅमेरे लागतात. लॅन वायरचा कॅमेरा त्याला दिसणार नाही, आणि त्यात कुणाचीच चूक नाही. काही रेकॉर्डर दोन्ही जातींचे कॅमेरे घेतात, पण त्यांच्या मेनूमध्ये जाऊन ठरावीक चॅनेल (म्हणजे एकेका कॅमेऱ्याची जागा) 'आयपी', म्हणजे लॅन वायरच्या कॅमेऱ्यासाठी करावे लागतात. तुमचा मॉडेल नंबर तसा आहे का, हे पहिल्यांदा बघा.

मागे लॅनची चौकोनी भोकं असतील तर तो एनव्हीआर. त्यातही दोन प्रकार आहेत, आणि नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिल्या प्रकारात एकच लॅन पोर्ट असतो. कॅमेरे वेगळ्या स्विचला (म्हणजे अनेक लॅन वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याला, विजेच्या बटणाला नव्हे) लागतात, स्विच राउटरला, आणि रेकॉर्डरही त्याच राउटरला किंवा स्विचला. सगळे एकाच जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये. आईकडे हाच प्रकार आहे.

दुसऱ्या प्रकारात एक लॅन पोर्ट वेगळा असतो आणि शेजारी चार, आठ किंवा सोळा पीओई पोर्टांची रांग. हे पीओई पोर्ट कॅमेऱ्याला वीज आणि जाळं दोन्ही एकाच वायरमधून देतात. मात्र त्या रांगेचं जाळं रेकॉर्डरच्या आतलं, स्वतंत्र असतं. त्यातले पत्ते हिकव्हिजन कंपनीच्या रेकॉर्डरमध्ये साधारणपणे १९२.१६८.२५४ ने सुरू होतात, दाहुआ कंपनीच्या १०.१.१ ने. म्हणून रांगेत लावलेला कॅमेरा घरच्या वायफायवरच्या लॅपटॉपवरून शोधला तर सापडत नाही. तो हरवलेला नसतो, आतल्या खोलीत असतो. राउटरची वायर या रांगेत खोचू नका. ती वेगळ्या लॅन पोर्टमध्येच जाते. एका शेजाऱ्यांकडे घर रंगवताना सगळ्या वायरी काढल्या होत्या आणि परत लावताना नेमकी हीच अदलाबदल झाली होती. रंगाऱ्याचा काय दोष? वायरींवर चिठ्ठ्याच नव्हत्या.

हाताशी काय हवं

लॅपटॉप. एक-दोन मीटरची, नक्की चालणारी लॅन वायर. साधा लॅन केबल टेस्टर, म्हणजे दोन डब्या आणि आठ दिव्यांचा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर. हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका चकरेत मिळतं. चिकटपट्टी आणि मार्कर घरातलाच घ्या.

शिडीवर चढण्याआधी दोन गोष्टी. ओल्या गच्चीवर जाऊ नका, आणि कॅमेऱ्याच्या डब्यात घरच्या विजेचं अडॅप्टर असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय डबा उघडू नका. शिडी धरायला खाली माणूस हवाच. कॅमेरा दोन दिवस उशिरा सुरू झाला तरी चालतं.

पहिली पायरी: वीज

कॅमेरा जिवंत आहे का, हे संध्याकाळी अंधार पडल्यावर सहज कळतं. बहुतेक कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे ८५० नॅनोमीटरचे असतात. काचेमागे मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा ठिपके दिसले नाहीत म्हणून लगेच निराश होऊ नका. दिवसा कॅमेऱ्याच्या तोंडावर तळहात धरा. काही सेकंदांत आतून 'टक्' असा बारीक आवाज आला तर आतला फिल्टर सरकला, म्हणजे वीज आहे.

वीज पोचणं आणि पुरेशी वीज पोचणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅमेरा दिवसभर छान दिसतो आणि अंधार पडला की गायब होतो, सकाळी परत येतो, असं होत असेल तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका. रात्री लाल दिवे लागले की कॅमेऱ्याची भूक वाढते, आणि अडॅप्टर किंवा वायर तेवढं देऊ शकत नाही. बारा व्होल्टच्या एकाच छोट्या अडॅप्टरवर तीन-चार कॅमेरे टाकलेले असतात तिथे हे हमखास दिसतं. लांबच्या बारीक वायरीत व्होल्टेजही गळतं.

पीओईचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००३च्या ८०२.३एएफ या मानकात पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि लांब वायरीतून गळून कॅमेऱ्यापाशी १२.९५ उरतात. २००९च्या ८०२.३एटीमध्ये पोर्टवर ३० आणि टोकाला २५.५. साध्या कॅमेऱ्याला पहिलं पुरतं. फिरणाऱ्या, मोठ्या दिव्यांच्या कॅमेऱ्याला बहुधा दुसरं लागतं. स्विचवर लिहिलेले एकूण वॅटही वाचा. आठ पोर्टांना प्रत्येकी १५.४ म्हणजे १२३ वॅट होतात, आणि स्वस्त स्विचची एकूण ताकद पुष्कळदा त्याहून कमी असते. सात कॅमेरे चालतात आणि आठवा लावला की कोणीतरी एक पडतो, त्याचं कारण हेच.

वायफाय ब्रिजसोबत (दोन जागा वायरीशिवाय जोडणाऱ्या यंत्रासोबत) येणारा २४ व्होल्टचा साधा पीओई अडॅप्टर दिसायला सारखाच असतो, पण तो कॅमेऱ्याला काय हवं ते न विचारता वीज सोडतो. तो कॅमेऱ्याला लावू नका.

दुसरी पायरी: वायर

स्विच किंवा रेकॉर्डरच्या त्या पोर्टवरचा छोटा दिवा बघा. वायर जोडलेली आहे, कॅमेऱ्याला वीज आहे आणि तरी दिवा लागतच नाही, तर दोष वायरीत, जॅकमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे. पासवर्डचा प्रश्न इथे येतच नाही.

आता अदलाबदल करा. मला या कामातली ही सगळ्यात मोलाची युक्ती वाटते, आणि तिला कसलंही ज्ञान लागत नाही. चालणाऱ्या कॅमेऱ्याची वायर काढून बंद कॅमेऱ्याच्या पोर्टमध्ये लावा, आणि बंद कॅमेऱ्याची वायर चालणाऱ्याच्या पोर्टमध्ये. दोन-तीन मिनिटं थांबा. कॅमेरा उठायला तेवढा वेळ घेतो. दोष वायरीबरोबर सरकला तर तो वायरीत किंवा कॅमेऱ्यात. पोर्टपाशीच राहिला तर स्विचमध्ये किंवा रेकॉर्डरमध्ये. वायरीबरोबर सरकला असेल तर कॅमेरा खाली उतरवून घ्या, टेबलावर त्या छोट्या चांगल्या वायरीने थेट स्विचला लावा. टेबलावर चालला म्हणजे भिंतीतली वायर दोषी.

वायरी कशाने बिघडतात? पुण्यात पहिलं कारण पाऊस. कॅमेऱ्याच्या शेपटीचा जॅक भिंतीवर उघडा लोंबत ठेवलेला असतो, जूनमध्ये त्यात पाणी शिरतं, पीओईची वीज त्या पाण्यातून वाहते आणि तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. आईच्या जिन्याचा कॅमेरा एका जुलैत असाच गेला. जॅक कापून नवा बसवला आणि कॅमेरा परत आला. जोड नेहमी बंद डब्यात ठेवा. वायर वरून थेट डब्यात न नेता खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ झोळापाशी गळून पडतो. दुसरं कारण उंदीर-घुशी. डक्टमधून आलेली वायर हाताने चाचपून बघा. तिसरं कारण खरेदीतलं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण जॅकमध्ये तुटते आणि वीज जास्त गाळते. नवी घेताना 'प्युअर कॉपर' मागा आणि टोक खरवडून बघा: आत पांढरं दिसलं तर घेऊ नका.

जॅक स्वतः बसवणार असाल तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना हाच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर एकापासून आठपर्यंत दिवे ओळीने लागले पाहिजेत. आणि एकूण लांबी शंभर मीटरच्या आत. मोठ्या सोसायटीत पार्किंगच्या पलीकडच्या टोकापर्यंत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तिथे मधे एक स्विच लागतो.

स्विचचं एक बारीक बटण इथेच सांगते, कारण त्यामुळे आमच्या सोसायटीत अख्खी पार्किंग दोन दिवस अंधारात गेली होती. सीसीटीव्हीसाठीच्या पीओई स्विचवर बाजूला एक सरकवायचं बटण असतं. त्याच्यापाशी 'व्हीलॅन' किंवा 'आयसोलेशन' लिहिलेलं असतं, शेजारी 'एक्स्टेंड'. व्हीलॅनवर सरकवलं की कॅमेऱ्यांचे पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत. फक्त 'अपलिंक' लिहिलेल्या पोर्टशी बोलतात. आमचा रेकॉर्डर अपलिंकऐवजी कॅमेऱ्यांच्याच एका पोर्टमध्ये होता. साफसफाई करताना बटण सरकलं आणि सगळे आठ कॅमेरे एकदम गेले, दिवे मात्र सगळे लागलेले. बटण मागे सरकवून स्विच बंद-चालू केला आणि चित्रं आली. 'एक्स्टेंड'मुळे वायर शंभर मीटरच्या पुढे चालते, पण वेग १० एमबीपीएसवर येतो. गरज नसेल तर बंद ठेवा.

तिसरी पायरी: पत्ता

वीज आहे, पोर्टचा दिवा लुकलुकतोय, आणि तरी रेकॉर्डर म्हणतो कॅमेरा नाही. आता पत्त्याकडे या. माझ्या अनुभवात खरी गोम बहुतेक वेळा इथेच निघते.

जाळ्यातल्या प्रत्येक वस्तूला चार आकड्यांचा पत्ता असतो. घरातल्या साध्या जाळ्यात पहिले तीन आकडे म्हणजे पेठ आणि शेवटचा म्हणजे घर नंबर असं धरा. १९२.१६८.१.६४ हा कॅमेरा आणि १९२.१६८.२९.२०० हा रेकॉर्डर एकाच स्विचला शेजारी शेजारी लावलेले असले, तरी एक शनिवार पेठेत आहे आणि दुसरा नारायण पेठेत. रेकॉर्डर आपल्याच पेठेत दारं ठोठावत राहतो. पेठ एक झाली की गाठ पडते. 'सबनेट मास्क' नावाच्या रकान्यात दोन्हीकडे २५५.२५५.२५५.० असू द्या.

पेठ वेगळी का पडते? नवा हिकव्हिजन कॅमेरा खोक्यातून १९२.१६८.१.६४ घेऊन येतो आणि दाहुआचा १९२.१६८.१.१०८. तुमचा राउटर मात्र वेगळ्या पेठेचा असू शकतो: जिओफायबरचा साधारणपणे १९२.१६८.२९.१ असतो, इतर बरेच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. इंटरनेटची कंपनी बदलली आणि दुसऱ्या दिवशी चारही कॅमेरे गेले, ही तक्रार याच जातीची. रेकॉर्डरने नव्या राउटरकडून नवा पत्ता घेतला आणि कॅमेरे जुन्या पेठेत राहिले. अशा वेळी चार कॅमेऱ्यांचे पत्ते बदलण्यापेक्षा, राउटरमध्ये सोय असेल तर त्याचीच पेठ जुनी करून टाका. एक बदल, आणि सगळं जागेवर.

आता कॅमेरा कुठल्या पत्त्यावर आहे ते शोधू. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा शोधक प्रोग्राम लॅपटॉपवर घ्या. हिकव्हिजनचा एसएडीपी, दाहुआचा कॉन्फिगटूल. दोन्ही फुकट आहेत, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. लॅपटॉपचं वायफाय बंद करून त्याच स्विचला वायरीने जोडा. हा प्रोग्राम पेठ वेगळी असली तरी कॅमेरा दाखवतो, म्हणून तो इतका उपयोगी. यादी रिकामी आली तर विंडोजचा फायरवॉल, म्हणजे लॅपटॉपचा पहारेकरी, त्याला अडवतोय का ते आधी बघा. कॅमेरा यादीत दिसला म्हणजे वीज आणि वायर दोन्ही निर्दोष, मागे वळून बघायचं कारण नाही. फायरवॉल मोकळा असूनही दिसला नाही तर पुन्हा पहिल्या दोन पायऱ्यांवर जा. निम्मं काम या एका तपासणीत होतं.

कॅमेऱ्याचं पान उघडायचं असेल तर लॅपटॉपला तात्पुरतं त्याच्या पेठेत न्या. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी 'मॅन्युअल' करा, १९२.१६८.१.५० घाला, मास्क वरचाच, गेटवे रिकामा. मग ब्राउझरच्या पट्टीत १९२.१६८.१.६४ टाइप करा. मी इथे मराठी आकडे लिहिले आहेत, पण टाइप करताना इंग्रजीच आकडे घ्या. काम झालं की लॅपटॉपचा आयपी परत 'ऑटोमॅटिक' करायला विसरू नका, नाहीतर घरचं इंटरनेट बंद पडलं असं वाटेल.

दोन नवे कॅमेरे एकदम लावलेत आणि एकच दिसतोय, किंवा एकदा हा दिसतो एकदा तो? दोघंही खोक्यातून एकच पत्ता घेऊन आले आहेत. एक काढा, दुसऱ्याचा पत्ता बदला, मग पहिला लावा. नवे कॅमेरे नेहमी एकेक करूनच लावावेत.

आईच्या फाटकाचं कोडं तेव्हा असं सुटलं. कॅमेरे बसवणाऱ्यांनी चारही कॅमेऱ्यांचे पत्ते 'डीएचसीपी'वर, म्हणजे राउटरच्या मर्जीवर ठेवले होते. वीज जाऊन आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले. तीन कॅमेऱ्यांना योगायोगाने जुनेच मिळाले, फाटकाचा पत्ता टीव्हीकडे गेला. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, त्यामुळे हा प्रकार शुक्रवारी सकाळी बऱ्याच घरांत लक्षात येत असणार. उपाय कायमचा आहे. रेकॉर्डर आणि प्रत्येक कॅमेऱ्याला 'स्टॅटिक' पत्ता द्या, आणि तो राउटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा निवडा. राउटर २ ते १५० वाटत असेल तर रेकॉर्डरला २००, फाटकाला २०१, दाराला २०२ असं. पत्ते ठरल्यावर रेकॉर्डरच्या 'कॅमेरा मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्या त्या चॅनेलवर नवा पत्ता भरा. आईच्या माळ्यावर रेकॉर्डरच्या झाकणावरच मी तो तक्ता चिकटवला आहे.

वायफायचे कॅमेरे असतील तर आणखी एक बघा: कॅमेरा राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर नाही ना? गेस्ट जाळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. तिथला कॅमेरा रेकॉर्डरला दिसत नाही.

चौथी पायरी: पासवर्ड

रेकॉर्डरच्या यादीत चॅनेलपुढे पिवळी खूण असेल तर तिच्यावर क्लिक करून संदेश वाचा. 'नेटवर्क'चा उल्लेख असेल तर मागची पायरी. 'युजरनेम' किंवा 'पासवर्ड'चा असेल तर ही.

पूर्वी कॅमेरे ठरावीक पासवर्ड घेऊन यायचे, हिकव्हिजनचा १२३४५ तर जगजाहीर होता. २०१५च्या सुमारास आलेल्या फर्मवेअरपासून (फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम) हिकव्हिजनच्या नव्या कॅमेऱ्याला आधी 'ॲक्टिव्हेट' करावं लागतं, म्हणजे तुम्ही स्वतः पासवर्ड ठेवल्याशिवाय तो कामच सुरू करत नाही. शोधक प्रोग्राममध्ये त्याच्यापुढे 'इनॲक्टिव्ह' दिसतं. तिथूनच पासवर्ड ठेवा, मग रेकॉर्डरकडे जा. पीओई रांगेच्या रेकॉर्डरमध्ये कोरा कॅमेरा आपोआप ॲक्टिव्हेट होतो. पण दुसऱ्या घरून काढून आणलेला, आधीच पासवर्ड असलेला कॅमेरा तिथे अडतो. चॅनेलच्या सेटिंगमध्ये 'प्लग अँड प्ले'ऐवजी 'मॅन्युअल' निवडून तो जुना पासवर्ड द्यावा लागतो.

एक सापळा मला फार उशिरा कळला. चुकीचा पासवर्ड काही वेळा दिला की कॅमेरा काही काळ कुलूप लावून घेतो. तुम्ही कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललात आणि रेकॉर्डरमध्ये जुनाच राहिला, तर रेकॉर्डर अहोरात्र जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत राहतो आणि कुलूप उघडतच नाही. मग तुम्ही बरोबर पासवर्ड टाकलात तरी 'चूक' असंच उत्तर येतं. आधी रेकॉर्डरमधून तो चॅनेल काढून टाका, अर्धा तास थांबा, मग ब्राउझरमधून आत शिरून बघा, आणि शेवटी रेकॉर्डरमध्ये परत जोडा.

पासवर्ड खरंच हरवला असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत झाकणाखाली रीसेटचं बटण असतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पद्धत बघून मगच दाबा. नवा पासवर्ड आईवडिलांच्या जन्मसालाचा नको. वहीत लिहून कपाटात ठेवा.

पाचवी पायरी: भाषा

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच कंपनीचे असतील तर हा भाग सोडून द्या.

वेगळ्या कंपन्यांचे असतील तर त्यांना समान भाषा लागते. तिचं नाव ऑनव्हिफ. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये तिच्यामागची संघटना सुरू केली. रेकॉर्डरमध्ये कॅमेरा जोडताना 'प्रोटोकॉल'पुढे कंपनीच्या नावाऐवजी ऑनव्हिफ निवडा. पोर्ट बहुधा ८० असतो, पण नेहमी नाही: टीपी-लिंकच्या टापो कॅमेऱ्यात तो २०२० आहे, आणि आधी त्यांच्या ॲपमध्ये 'कॅमेरा अकाउंट' तयार करावं लागतं. ॲपचा स्वतःचा लॉगिन इथे चालत नाही. हिकव्हिजनच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं. कॅमेऱ्याच्या पानावर 'इंटिग्रेशन प्रोटोकॉल'मध्ये ते सुरू करून त्यासाठी वेगळा युजर बनवावा लागतो.

सगळं बरोबर आहे आणि तरी ऑनव्हिफवर पासवर्ड चुकतोय? कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. या भाषेत ओळख पटवताना वेळेचा शिक्का जातो. कॅमेरा १९७० सालात बसलेला असेल तर तो शिक्का नाकारला जातो. दोन्हीकडे भारतीय वेळ, म्हणजे जीएमटी अधिक साडेपाच तास लावा.

चॅनेल जोडला गेला पण चित्र काळं असेल तर कॅमेरा चित्र एच.२६५ या आवळून पाठवायच्या नव्या पद्धतीत पाठवतोय आणि जुन्या रेकॉर्डरला ते कळत नाही, अशी शक्यता दाट. कॅमेऱ्यात एच.२६४ ही जुनी पद्धत करा. रेकॉर्डर किती एमबीपीएस आत घेऊ शकतो हेही त्याच्या माहितीपत्रकात असतं. मोठ्या रिझोल्यूशनचे कॅमेरे वाढवत गेलात तर शेवटचा बाहेर राहतो.

नुसत्या ॲपवर चालणारे, बॅटरीचे स्वस्त कॅमेरे बहुधा ऑनव्हिफ बोलतच नाहीत. घेण्याआधी खोक्यावर ते नाव शोधा.

ज्याला हात लावायचा नाही

'हार्ड डिस्क इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' असं विचारलं तर नाही म्हणा. त्याने कॅमेरा सापडत नाही, जुनं रेकॉर्डिंग मात्र जातं, आणि घरात काही घडलेलं असेल तर नेमकं तेच हवं असतं. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि त्याआधी प्रत्येक चॅनेलच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फर्मवेअर फक्त तुमच्या नेमक्या मॉडेलचं, कंपनीच्या संकेतस्थळावरचं, आणि गुरुवारी कधीच नाही: मधेच वीज गेली तर चांगला कॅमेरा कायमचा जाऊ शकतो.

एवढं करूनही सुटलं नाही तर माणूस बोलवा, पण फोनवर "कॅमेरा दिसत नाही" एवढंच सांगू नका. सांगा: दोन्हीचे मॉडेल नंबर, पोर्टचा दिवा लागतोय की नाही, अदलाबदलीत दोष कुठे सरकला, शोधक प्रोग्राममध्ये कोणता पत्ता दिसतो, आणि रेकॉर्डरवरचा संदेश शब्दशः. एवढं ऐकल्यावर "चारही बदला" असं कुणी सहज म्हणत नाही.

चित्र आलं की

चित्र दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं नाही. चॅनेल काढून परत जोडला असेल तर त्याचं रेकॉर्डिंगचं वेळापत्रक पुसलेलं असू शकतं. दहा मिनिटं थांबा, फाटकातून एकदा ये-जा करा, आणि 'प्लेबॅक'मध्ये जाऊन स्वतःला शोधा. तारीख आणि वेळ बरोबर आहे का तेही बघा. मग राउटर, स्विच आणि रेकॉर्डर यांचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करून परत चालू करा, म्हणजे पुढच्या गुरुवारी जे होणार ते आजच, तुम्ही तिथे असताना होऊन जाईल.

आईकडे मी हे केलं तेव्हा ती टीव्हीसमोर बसून मोजत होती. तीन आले. फाटक सगळ्यात शेवटी आलं, दीड-दोन मिनिटांनी, आणि त्यात समोरच्या काकू दूध घेऊन आत येताना दिसल्या.